ट्रकचा फ्लाइट नंबर

॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

अर्विंग, टेक्सास
३ जून २०२५

चि. हेमचंद्र यास शैलाताईचे अनेक आशीर्वाद.

रेणूकडे येऊन मला महिना होत आला. लेक-जावई काही कमी पडू देत नाहीत, पण घरात गारठा इतका करून ठेवतात की बाहेर अंगण तव्यासारखं तापलेलं असताना मी आत स्वेटर घालून बसते. सिया मला आज्जी एवढंच मराठीत म्हणते, पुढचं सगळं इंग्रजीत. मला ऐकू येत नाही म्हणून मी नुसती मान हलवते, आणि तिला वाटतं आजीला इंग्रजी येतं. दोघींचं छान जमलंय.

कानांचं तुला ठाऊक आहे. फोनवर नुसती घूं ऐकू येते, आणि रेणूला मध्ये घालून भावाशी बोलणं मला पटत नाही. म्हणून हा कागद.

गुरुनाथ भेटायला आला होता. चुलतभाऊ असला तरी आबांच्या पंगतीत जेवून आणि आबांच्या धाकात शिकून मोठा झालेला, म्हणून त्याला मी पाहुणा समजत नाही. इथे त्याचं मोठं घर आहे, मराठी मंडळाचा तोच अध्यक्ष. युरोपातला माल इकडून तिकडे पाठवायची कंपनी अजून चालवतो. आंब्यांची पेटी घेऊन आला आणि म्हणाला, ताई, यंदा गणपतीत तुला स्टेजवर बसवतो. मी म्हटलं, मला खाली सतरंजीवर बसव, आणि आधी एक सांग.

तीन वर्षं पोटात ठेवलेलं विचारलं. आबांचं शेवटचं आलं तेव्हा तुझा फोन बंद होता, म्हणून मी गुरुनाथला फोन लावला होता. तू त्याच्याच नोकरीत होतास. आबा आजची रात्र काढतील की नाही सांगता येत नाही, हेमूला लगेच पाठव, असं मी रडत सांगितलं. तो म्हणाला, हेमू फ्लाइटवर आहे. मग तू मध्ये कुठे उतरलास? आता विचारलं तर म्हणतो, ताई, जुनं उकरू नकोस, फ्लाइटवर होता हे खरंच होतं. आणि चहाचं कौतुक करत उठला.

म्हणून तुलाच विचारते. आबांची राख सावडून झाल्यावर तू दारात उभा राहिलास. तेव्हा विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर हात उगारला असता. आता खांदा दुखतो, मारणार नाही. खरं सांग.

शुभाला आशीर्वाद. रागावलेली असले तरी बहीणच आहे, एवढं धरून उत्तर लिही.

शैलाताई


॥ श्री ॥

पिस्कॅटवे, न्यू जर्सी
१२ जून २०२५

ती. शैलाताईस हेमचंद्रचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र देवापुढे ठेवलं होतं. संध्याकाळी दिवा लावून उघडलं, आणि दिवा विझेपर्यंत तिथून उठलो नाही. शुभा दोनदा जेवायला हाक मारून गेली.

ताई, मी विमानात नव्हतो. ट्रकमध्ये होतो.

हे तुला समजावून सांगायला हवं. तेव्हा गुरुदादानं मला बेल्जियमला पाठवलं होतं. एक नाजूक यंत्र हॉलंडला प्रदर्शनासाठी जायचं होतं, आणि गिऱ्हाइकाचा हट्ट होता की ते हवाई मालानंच जावं आणि सोबत माणूस असावा. बेल्जियम आणि हॉलंड म्हणजे आपलं कुडाळ आणि पणजी. इतक्या जवळ विमान कोण उडवणार? मग माल एका विमानतळावर हवाई माल म्हणून घेतात, ट्रकमध्ये चढवतात, आणि ट्रक रस्त्यानं दुसऱ्या विमानतळावर जातो. कागदावर मात्र विमान कंपनीचं नाव असतं आणि त्या ट्रकला फ्लाइट नंबर असतो. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे, त्यात कुणी कुणाला फसवत नाही. ट्रक सुटला की आम्ही म्हणतो, माल फ्लाइटवर आहे. त्या ट्रकमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी मी बसलो होतो.

म्हणजे गुरुदादा तुझ्याशी खोटं बोलला नाही. हेच मला गिळता येत नाही. तो सरळ खोटं बोलला असता, तर माणूस घाबरला, चुकला, असं म्हणून एखाद्या दिवशी मी सोडून दिलं असतं. त्यानं शब्द निवडून वापरला.

माझा फोन तिकडे चालत नव्हता, आणि कंपनीनं दिलेल्या फोनचा नंबर फक्त त्याच्याकडे होता. वाटेत त्याचे फोन आले. खोकं नीट बांधलंय ना, पाऊस आहे का, एवढंच विचारलं. यंत्र पोचवून सही घेतली, तेव्हा म्हणाला, हेमू, मन घट्ट कर, आबा गेले. त्यातल्या पहिल्याच फोनवर त्यानं सांगितलं असतं, तर ट्रक सोडून जवळच्या विमानतळावरून मी थेट निघालो असतो. कदाचित पोचलो असतो.

मला वाटलं, तूच उशिरा कळवलंस. तोच राग धरून मी गावी आलो. तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. बाराव्याला गुरुदादा आला आणि आपल्या दोघांच्या मधल्या पाटावर बसला. त्या पाटाचा अर्थ आज कळला.

आता दुसरी गोष्ट. त्याला सोडून मी इकडे आलो, पण काम तेच करतो. दंतवैद्यांच्या खुर्च्या बनवणारी एक कंपनी आहे, कचेरी इथे, कारखाना बेल्जियममध्ये. त्यांचा माल शेजारच्या देशांत कसा न्यावा, विमानानं, पाण्यानं की रस्त्यानं, याची तुलना त्यांनी दोघांकडून मागवली आहे. एक आमची कंपनी. दुसरा गुरुदादा. त्याची मोठी गिऱ्हाइकं गेली असं ऐकतो. हे काम मिळालं तर तो तरेल, नाहीतर त्याला दुकान आवरावं लागेल.

माझ्या हातात काहीतरी आलं आहे. त्याला धार आहे एवढं बोटांना कळतंय. तू त्याला काही बोलू नकोस.

तुझा राग माझ्यावरून उतरला असेल तर लोभ पूर्वीच्या जागी ठेव.

हेमचंद्र


॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

अर्विंग
२२ जून २०२५

चि. हेमू यास ताईचे आशीर्वाद, दहादा.

पत्र वाचून मी न्हाणीघरात जाऊन रडले. इथे बाथरूमला आतून कडी आहे, तेवढं एक बरं आहे.

तुला शेवटच्या दिवसाचं कधी सांगितलं नव्हतं. आता ऐक. आबांना पडवीत खाटेवर ठेवलं होतं. हेमू खंय, असं विचारायचे. मी सांगायची, विमानात आसा, येता. चिपीचा विमानतळ नुकता सुरू झाला होता. आवाज आला की आबा मान वळवून आभाळाकडे बघायचे. गोव्याकडे उंचावरून जाणारं विमानही सोडायचे नाहीत. एकदा म्हणाले, ह्येच्यात आसात काय गो? मी म्हटलं, असेल. मग एक गेलं, आणखी एक गेलं, आणि ते म्हणाले, आजकाल विमानां उशिरा पोचतत काय? हे त्यांचं शेवटचं बोलणं. डोळे वरच लागलेले. मी माझ्या हातानं मिटले.

आणि तू खाली कुठल्या रस्त्यावर होतास!

हेमू, मला त्याचं वाटोळं झालेलं बघायचंय. देवाला कळू दे मी असं लिहिलं ते. आबा दरवर्षी देवापुढे नारळ घेऊन गावासाठी गाऱ्हाणं घालायचे. बापयांच्या कामात बाईमाणूस म्हणून मी कधी तोंड घातलं नाही, पण चुलीपाशी बसून सगळं पाठ झालंय. मी त्याच्या नावानं गाऱ्हाणं घालते. रवळनाथ टेक्सासात येत नाही असं कुणी सांगितलंय?

परवा तो पुन्हा आला होता. सियाला गालावर टिचकी मारली, मला वाकून नमस्कार केला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, म्हटलं हाताला कणीक लागलीय. कणीक नव्हती.

लवकर लिही. तुझ्या पत्रावर माझं जेवण अडलंय असं समज.

शैलाताई


अर्विंग
८ जुलै २०२५

प्रिय हेमू, स. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस. मेसेजला निळ्या खुणा येतात आणि पुढे शांतता. मग म्हटलं, आबांच्या घरची रीत काढावी, कागद घ्यावा. कित्येक वर्षांनी मराठीत लिहितोय, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घे. आबा असते तर त्यांनी कान पिरगाळला असता.

ताई इकडे आल्यानं घर भरल्यासारखं वाटतं. तुझी वहिनी प्रीता तिला आठवड्याला एकदा देवळात घेऊन जाते. यंदाचा गणपती ग्रँड करणार आहे. गाऱ्हाणं घालायला कोकणातलं कुणी जुनं माणूस मिळेना, तर ताईच म्हणाली, मला येतं. बाईनं गाऱ्हाणं घालायचं म्हणून कमिटीतले दोघं कुरकुरले. मी सांगितलं, आबांची लेक आहे, तीच घालणार.

आता कामाचं. खुर्च्यांच्या अकाउंटला तूही आहेस हे कळलं तेव्हा आधी हसलो. एकाच शाळेतले, एकाच पंगतीतले दोघं, आणि भांडण बेल्जियमच्या मालावर! यार, तुझ्या कंपनीला हे काम म्हणजे पोटभर जेवणावरचं ताक आहे. मला मात्र ते ताटच आहे. मोकळं सांगतो, डिसेंबरपर्यंत काही मोठं आलं नाही तर माणसं कमी करावी लागतील, मग मीही घरी.

तू तुलना चोख करशील हे मला माहीत आहे. फक्त एअरच्या रकान्यात जरा मोठं मन ठेव. ट्रकला फ्लाइट म्हणणं हा काही माझा शोध नाही, सगळी लाइन म्हणते. गिऱ्हाइकाला तो शब्द ऐकून बरं वाटतं, आणि बरं वाटण्याचेच तर लोक पैसे देतात.

राग कशाचा आहे माहीत नाही. असेल तो सोड. शुभाला नमस्कार. मोठा भाऊ म्हणून जेवढं प्रेम शिल्लक असेल तेवढं या कामी वापर.

तुझा,
गुरुदादा


॥ श्री ॥

पिस्कॅटवे
९ ऑगस्ट २०२५

ती. शैलाताईस शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. तुझं जेवण अडलं नसेल अशी आशा आहे. रेणूनं फोनवर सांगितलं की तू तिच्याकडे घावणे करून सगळ्यांना वाढलेस, आणि स्वतःही मागे राहिली नाहीस.

तू पडवीचं लिहिलंस ते मी शुभाला वाचून दाखवू शकलो नाही. तिनं स्वतः वाचलं.

गुरुदादाचं पत्र आलं होतं. राग कशाचा आहे माहीत नाही, असं त्यानं लिहिलं आहे. मला वाटलं, साळसूदपणा आहे. मी उत्तर दिलं नाही. तुलना करायला बसलो.

तुलाही सांगतो, कारण या तुलनेतच सगळं आहे. बेल्जियममधून हॉलंडला किंवा जर्मनीला खुर्ची न्यायची तर रस्ता सगळ्यांत साधा. संध्याकाळी कारखान्याच्या दारात ट्रकमध्ये चढली की सकाळी गिऱ्हाइकाच्या दारात उतरते. माणसांचे हात कमी लागतात, म्हणून मोडतोड कमी. पाण्याचं तसं नाही. शेजारच्या देशात होडीनं वाळू जाते, लोखंड जातं, ज्याला घाई नसते आणि धक्क्याचं भय नसतं ते सगळं स्वस्तात जातं. खुर्ची मात्र आधी बंदरावर न्या, बोटीची वाट बघा, उतरवा, आणि पुन्हा ट्रकमध्ये चढवाच. इंग्लंडला जायचं तर मध्ये समुद्र आहे, त्याला इलाज नाही, पण तिथेही ट्रकच आपल्या चाकांवर बोटीत शिरतो आणि पलीकडे बाहेर पडतो. तिथे समुद्रापेक्षा जकातीचे कागद पार करायला जास्त वेळ लागतो. राहिलं विमान. खुर्ची गुंडाळायची, तपासणीला न्यायची, विमानतळाच्या गोदामात ठेवायची, मग फ्लाइट नंबरच्या ट्रकमधून त्याच रस्त्यानं, त्याच पावसातून दुसऱ्या विमानतळाच्या गोदामात, आणि तिथून आणखी एका ट्रकमध्ये. पोचते साध्या ट्रकच्या मागून, आणि भाडं विमानाचं.

हे सगळं मी जसंच्या तसं लिहिलं. एक शब्द वाढवला नाही, एक लपवला नाही. पण ताई, एकेक खरा शब्द लिहिताना मला तो गोड लागत होता. खऱ्याला अशी चव असू नये. त्या संध्याकाळी देवापुढे हात जोडले तेव्हा ते थरथरले नाहीत, याचीच मला भीती वाटली.

मग बैठक झाली. खुर्च्यांच्या कंपनीकडून केया होती, चाळिशीच्या आतली, इथेच जन्मलेली. मराठी सगळं समजते, उत्तर इंग्रजीत देते. मला काका म्हणते, गुरुदादालाही काका म्हणते. तो टेक्सासहून आला होता, फिकट कोट घालून. माझ्या पाठीवर थाप मारली आणि केयाला म्हणाला की याला पोहायला मी शिकवलं. ते खरं आहे.

हवाई मालाची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, रोज संध्याकाळी फ्लाइट आहे, तुमची खुर्ची कधी अडकणार नाही. मी या क्षणाची महिनाभर वाट पाहत होतो. मी मराठीत विचारलं, गुरुदादा, अमका फ्लाइटवर आहे असं कुणाला सांगितलं, तर ऐकणारा आभाळाकडे बघेल की रस्त्याकडे?

तो मनापासून हसला. म्हणाला, आभाळाकडेच बघणार यार, म्हणून तर फ्लाइट म्हणायचं.

मी त्याच्या डोळ्यांत बघत होतो. तिथे काही नव्हतं, ताई. दचकणं नाही, लपवणं नाही. तू विचारलंस तेव्हा त्याला तो फोन आठवला, पण आपण काय केलं ते तो विसरला आहे. तू आणि मी ज्यावरून तीन वर्षं एकमेकांशी अबोला धरला, ते त्याच्या मनातही नाही. त्याच्यासाठी तो कामाच्या गडबडीतला एक फोन होता.

केयानं मात्र ऐकलं. तिनं इंग्रजीत विचारलं, म्हणजे माझी खुर्ची ट्रकनंच जाणार का? तो म्हणाला, टेक्निकली. तिनं लॅपटॉप मिटला. पुढच्या आठवड्यात कळवलं की सगळा माल रस्त्यानं, आणि काम आमच्या कंपनीला. बैठकीच्या दिवशीच निघताना लिफ्टपाशी गुरुदादा भेटला होता तेव्हा म्हणाला, हेमू, बरोबर आहे तुझं, धंदा आहे. आणि मला मिठी मारली.

त्याचं वाटोळं बघायचं म्हणाली होतीस. अर्धं झालं असं समज. पण मला समाधान नाही. त्याला वाटतं, तो धंद्यात हरला. कशाची शिक्षा झाली हे ज्याला कळत नाही त्याला मारणं म्हणजे झोपेतल्या माणसाच्या थोबाडीत देण्यासारखं आहे. मला तो जागा व्हायला हवा आहे.

गाऱ्हाण्याचं तू जूनमध्ये लिहिलंस तेव्हा मी गप्प राहिलो. आता म्हणतो, घाल. पण आबा घालायचे तसं घाल. त्याचं नाव घ्यायचं नाही. त्याच्या घरादाराचं, मुलाबाळांचं वाईट मागायचं नाही. त्याला कळू दे, एवढंच माग.

मी इकडे त्या वेळी दिवा लावून बसेन. या पापात अर्धा वाटा माझा, आणि पुण्य असेल तर सगळं तुझं, असा लोभ असू दे.

हेमचंद्र


॥ श्री रवळनाथ प्रसन्न ॥

अर्विंग
१ सप्टेंबर २०२५

चि. हेमू यास ताईचे आशीर्वाद.

शनिवारी झालं. सगळं क्रमानं सांगते, मध्ये उड्या मारू नकोस.

हॉल माणसांनी भरला होता. पुण्याची, नागपूरची, मुंबईची माणसं, पैठण्या काय, झब्बे काय. उकडीचे मोदक कुणा बाईंनी डाळिंबाएवढे केले होते, असो. आरती झाली. गुरुनाथनं माइक घेऊन सगळ्यांना शिकवलं की आता ताई गाऱ्हाणं घालणार, ती थांबली की प्रत्येकानं मोठ्यानं व्हय म्हाराजा म्हणायचं. दोनदा सराव करून घेतला. पोरांना ते फार आवडलं. सिया घरी अजून म्हणते, जेव म्हटलं की व्हय म्हाराजा.

नारळ हातात घेतला आणि आबांचा आवाज आठवला. माझ्या कानांना आता तोच एक आवाज स्वच्छ ऐकू येतो. आधी नेहमीचं घातलं. बा देवा रवळनाथा, तुझी लेकरां इतक्या लांब येऊन तुझ्या पायाशी जमली आसत, तेंका सुखात ठेव रे म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. पोरांचे अभ्यास मागितले, व्हिसा मागितले, त्यावर तर छप्पर उडायची वेळ आली. गुरुनाथ माझ्यासमोरच उभा होता, पहिल्या रांगेत, हात जोडून. मला ऐकू येत नाही, पण ओठ दिसतात. सगळ्यांत आधी त्याचे ओठ हलायचे.

मग मी घातलं. बा देवा म्हाराजा, जेणा कोणी मरतल्या बापाक सांगल्यान की तुझो झील फ्लाइटवर आसा, आणि झिलाक मात्र कळवल्यान नाय, तेका तेची करणी कळान दी रे म्हाराजा.

त्याचे ओठ हलले, हेमू. सगळ्यांच्या आधी. व्हय म्हाराजा.

तिथल्या निम्म्या लोकांना मालवणी कळत नाही, ते त्याच्या मागून ओरडले. माझं थांबलं नव्हतं. मी म्हटलं, तो बापूस आभाळाकडे बघीत गेलो, तेची साक्ष तू आसस रे म्हाराजा. सगळे म्हणाले. त्याचे ओठ हलले नाहीत. तोंड उघडंच राहिलं. त्याच्या जोडलेल्या हातांची बोटं सुटी झालेली मी बघितली. मी नारळ ठेवला.

प्रसादाच्या वेळी मोदकाचं ताट घेऊन माझ्यापाशी आला. माझ्या कानाला तोंड लावून विचारलं, हेमूला माहीत आहे का? मी म्हटलं, त्यानं तुला विचारलं होतं, माणूस आभाळाकडे बघेल की रस्त्याकडे. तू हसलास. तेव्हा तो सतरंजीवर बसला, आणि प्रीता धावत आली, कुणी तरी पाणी आणलं.

मग बोलला. म्हणाला, ताई, मला वाटलं एक दिवस जाईल, आबा धरून राहतील. खोकं पोचलं की सांगू. म्हणाला, फ्लाइटवर आहे असं तोंडातून गेलं आणि तू शांत झालीस, म्हणून मीही शांत झालो. हेमूची माफी मागायची आहे, आता फोन लावतो. मी म्हटलं, फोन नाही. म्हणाला, उद्या सकाळच्या विमानानं जातो. मी म्हटलं, विमान नाही. रस्त्यानं जायचं. गाडी तू स्वतः चालवायची, इथून पिस्कॅटवेपर्यंत. वाटेत सगळा वेळ तुला हेमू दिसेल ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला. प्रीता माझ्याशी तेव्हापासून बोलत नाही. न का बोलेना.

तो निघेल. पोचला की काय करायचं ते तू ठरव. मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं ते लिहीत नाही.

मायेत खोट येऊ देऊ नकोस, माझ्यावरच्या तरी.

शैलाताई


॥ श्री ॥

पिस्कॅटवे
६ सप्टेंबर २०२५, दुपार

ती. शैलाताईस शि. सा. न. वि. वि.

गुरुदादा आला. आमच्या पायरीवर बसला आहे. गाडीच्या काचेवर वाटभरचे किडे चिकटलेले आहेत, आणि शर्ट कालचाच दिसतो. मी हे खिडकीशी बसून लिहितो आहे, त्यामुळे तो मला दिसतो. पडदा आहे, मी त्याला दिसत नाही.

त्यानं बेल वाजवली. शुभा उघडायला निघाली, तिला मी थांबवलं. दाराआडूनच सांगितलं की थांब, मी लिहितो आहे. तो बरं म्हणाला आणि बसला. शुभा म्हणते, दारी आलेल्याला पाणी तरी द्या. मी म्हटलं, नळ बाहेर आहे. तिनं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी दुसराच कुणी आहे. ती स्वयंपाकघरात गेली आहे, भांड्यांचा आवाज जरा जास्तच येतो आहे.

मध्ये प्रीताचा फोन आला, शुभाच्या फोनवर. वाटेत त्याचा फोन बंद पडला आहे, तो पोचला का, असं ती रडत विचारत होती. शुभानं फोन माझ्यापुढे धरला. ताई, देव साक्षी आहे, तो शब्द माझ्या जिभेवर आला होता. तो अजून वाटेत असेल, एवढंच म्हणायचं होतं, आणि म्हणायला किती सोपं आहे तेही मला त्या क्षणी कळलं. गुरुदादाला तेव्हा किती सोपं गेलं असेल, हे आजवर मला माहीत नव्हतं. मी प्रीताला खरं सांगितलं. पोचला आहे, आमच्या पायरीवर आहे, सुखरूप आहे. बायकोला ताटकळत ठेवण्याइतका मी त्याच्यासारखा झालेलो नाही. त्याला ठेवण्याइतका झालो आहे.

आबांचा फोटो समोरच्या भिंतीवर आहे. त्याला आत घेईन तेव्हा त्या फोटोसमोर उभा करणार आहे. माफी नको. मला कळवलं होतं आणि मी हेमूला सांगितलं नाही, एवढं एकच वाक्य त्यानं आबांना सांगायचं. मग शुभा वाढेल. मीही जेवेन. पुढचं मला माहीत नाही.

तुला एक सांगायचं राहिलं. इथून नेवार्कचा विमानतळ जवळ आहे. उतरणारी विमानं आमच्या घरावरून जातात. सवयीनं आम्हाला ऐकूही येत नाहीत. आज ऐकू येतात. एक आलं तेव्हा गुरुदादानं मान वर केली आणि ते झाडांआड जाईपर्यंत बघत राहिला. मला वाटलं, सहज असेल. मग दुसरं आलं, त्यानं पुन्हा वर बघितलं, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हे तुला लिहिण्यासाठीच मी दार उघडलं नव्हतं असं आता वाटतं.

पत्राची पेटी रस्त्यापलीकडे आहे. हे टाकायला मला दार उघडून त्याच्या शेजारूनच जावं लागेल. पाकिटावर पत्ता घातला आहे, तिकीट लावलं आहे. शुभाची भांडी थांबली आहेत; ती माझ्या सही करण्याची वाट बघते आहे.

सही करतो, ताई. तुझा लोभ होता तसाच असू दे. फक्त अजून एक विमान जाऊ दे.

हेमचंद्र